बारीक दाणा, तरी प्रिंट मऊ का?

संपादक मंडळाने सांगितलं, "टेक्निकल काहीतरी दे, पण मराठी विभागासाठी दे." शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं लिहिलेलं मराठी म्हणजे बरंचसं बोललेलंच मराठी. चालवून घ्या.

विषय आहे डार्करूमचा. म्हणजे फिल्म, एनलार्जर, ट्रे, हायपो वगैरे. हॉस्टेलवर पहिला प्रश्न येतो तो ठरलेला : "अबे, मोबाईलमध्ये पन्नास मेगापिक्सेल आहेत, मग हे कशाला?" त्याचं उत्तर मी देत नाही, कारण ते आवडीचं काम आहे आणि आवडीला कारण लागत नाही. पण दुसरा एक प्रश्न आहे, तो मात्र अस्सल इंजिनिअरिंगचा आहे. बाजारातली सगळ्यात बारीक दाण्याची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घेतली, चांगली धुतली, निगेटिव्ह भिंगाखाली धरली तर पातूरच्या लेण्यांतल्या दगडावरचे छिन्नीचे घाव एकेक मोजता येतात. आणि त्याच निगेटिव्हची आठ बाय दहा इंचाची प्रिंट काढली की ते घाव चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे मऊ दिसतात. मधल्या मधे गेलं काय?

आधी दाणा म्हणजे काय ते बघू. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक. उजेड लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. ही चांदी गुच्छागुच्छाने जमते, आणि प्रिंट मोठी केली की ते गुच्छ रवाळ दिसतात. त्यालाच आपण दाणा म्हणतो. स्फटिक मोठे असले की फिल्म उजेडाला जास्त तरतरीत, पण दाणा जाड. स्फटिक लहान असले की दाणा बारीक, पण फिल्म मंद. म्हणून ५० किंवा १०० आयएसओची फिल्म बारीक आणि ४०० ची जाड. १९८६ साली कोडॅकने टी-मॅक्स फिल्म आणली, तिच्यात स्फटिक गोट्यांसारखे नसून चपट्या वड्यांसारखे आहेत. तेवढ्याच चांदीत जास्त क्षेत्रफळ, त्यामुळे १०० आयएसओलाही दाणा खूप बारीक. कोडॅकच्या माहितीपत्रकात दाण्याचा जो आकडा देतात तो टी-मॅक्स १०० साठी ८ आहे, आणि जुन्या ट्राय-एक्स ४०० साठी १७. इल्फर्डच्या पॅन एफ प्लस आणि डेल्टा १०० याही त्याच बारीक घराण्यातल्या.

आता मुद्द्याचं. बारीक दाणा आणि तीक्ष्णपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या वेगळ्या नाहीत, कधीकधी एकमेकींच्या विरुद्धही जातात.

डी-७६ नावाचं डेव्हलपर १९२७ पासून वापरात आहे. त्यात लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. एवढं सल्फाइट स्फटिकांच्या कडा थोड्या थोड्या विरघळवतं. त्यामुळे दाणा गुळगुळीत होतो, पण चित्रातल्या कडाही किंचित गुळगुळीत होतात. याउलट रोडिनल. हे १८९१ चं डेव्हलपर आहे, आज वेगवेगळ्या नावांनी मिळतं. ते अगदी पातळ करून वापरतात, सल्फाइट नावापुरतं, त्यामुळे दाणा उघडा दिसतो पण कडा कोरल्यासारख्या येतात. आणखी एक गंमत होते. जिथे काळा भाग आणि उजळ भाग शेजारी येतात तिथे काळ्या बाजूचं डेव्हलपर लवकर दमतं आणि उजळ बाजूचं ताजं असतं. सीमेवर दोन्हींची थोडी देवाणघेवाण होते. त्यामुळे काळ्याची कड जास्त काळी आणि उजळाची कड जास्त उजळ होते. डोळ्याला वाटतं, रेघ धारदार आहे. पण टाकी सारखी हलवत राहिलं तर हा फायदा धुऊन जातो. म्हणून टाकी हळू आणि ठरावीक वेळानेच उलटी करायची, खुळखुळ्यासारखी नाही.

मला स्वतःला मधला रस्ता आवडतो. डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळायचं, एकदा वापरायचं आणि फेकायचं. सल्फाइट निम्मं झालं की कडा सुधारतात आणि दाणा फार वाढत नाही. रोडिनलचे भक्त नाक मुरडतील, मुरडू द्या.

पण फिल्म आणि डेव्हलपर यांच्यावर लोक जेवढं बोलतात तेवढं त्यांच्या हातात नसतं. हे मी गणिताने दाखवतो, आणि गणित फर्स्ट इयरचं आहे. एका मिलिमीटरमध्ये किती रेघांच्या जोड्या वेगळ्या दिसतात त्याला रिझोल्यूशन म्हणतात. साखळीतल्या प्रत्येक वस्तूचं स्वतःचं रिझोल्यूशन असतं आणि एकूण रिझोल्यूशन काढायचा ठोकताळा म्हणजे समांतर जोडलेल्या रेझिस्टरचं सूत्र : एकूणाचा व्यस्त बरोबर सगळ्यांच्या व्यस्तांची बेरीज. समांतर जोडणीत एकूण रेझिस्टन्स सगळ्यात लहान रेझिस्टरपेक्षाही लहान येतो, हे आठवत असेलच. इथेही तसंच.

उदाहरणासाठी आकडे धरू. फिल्म १००, कॅमेऱ्याचं लेन्स ८०, एनलार्जरचा टप्पा ६०. उत्तर येतं साधारण २५.५. पस्तीस मिलिमीटर फिल्मची उंची २४ मिलिमीटर. आठ बाय दहाची प्रिंट काढायची तर ती साडेआठ पट मोठी करावी लागते. म्हणजे कागदावर मिलिमीटरला फक्त ३ जोड्या उरल्या. चांगला डोळा हातभर अंतरावरून पाचेक जोड्या ओळखतो. म्हणून प्रिंट मऊ वाटते.

आता दुप्पट चांगली फिल्म घ्या, १०० ऐवजी २००. एकूण होतं २९.३, कागदावर ३.४. खिसा रिकामा झाला आणि हाती लागलं जेमतेम पंधरा टक्के. त्याऐवजी फिल्म तीच ठेवा आणि एनलार्जरचा टप्पा ६० वरून १५० वर न्या. एकूण ३४.३, कागदावर ४. आणि बऱ्याच वेळा हा ६० चा १५० करायला एक रुपयाही लागत नाही. लेन्स तेच असतं. फक्त ते नीट फोकस केलेलं नसतं, किंवा वाकडं बसलेलं असतं, किंवा हलत असतं.

आपल्या आजोबा-पणजोबांचे स्टुडिओतले फोटो इतके खणखणीत का दिसतात, याचं उत्तरही इथेच आहे. तेव्हाची फिल्म किंवा काचेची प्लेट आजच्यापेक्षा चांगली नव्हती. पण निगेटिव्हच तळहाताएवढी, कधी त्याहून मोठी, आणि प्रिंट तेवढ्याच मापाची कागद चिकटवून काढलेली. मोठं करायचंच नाही तर हरवणार काय? आपण मात्र टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून भिंतीवरचं चित्र मागतो.

कॅमेऱ्याच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. बारीक फिल्म मंद असते, हीच तिची मेख. ४०० च्या फिल्मवर २५० चा शटर बसत असेल तर ५० च्या फिल्मवर तिथेच ३० चा लागतो, आणि ३० ला हातातला कॅमेरा हलतोच. म्हणजे दाणा वाचवायला गेलो आणि सगळं चित्रच पुसलं. ट्रायपॉड नसेल तर बारीक फिल्म घेऊच नका, ४०० ची घ्या, प्रिंट जास्त तीक्ष्ण येईल. पातूरच्या लेण्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या आहेत. बाहेर डोंगरावर ऊन भाजत असतं आणि आत खांबांपाशी संध्याकाळ. तिथे मीटर दहा सेकंद सांगतो. इतक्या मंद उजेडात फिल्म आळसावते, म्हणून टी-मॅक्स १०० ला दहाच्या जागी पंधरा सेकंद द्यायचे. केबल रिलीज लावायची, लेन्स एफ ८ वर ठेवायचं आणि त्या पंधरा सेकंदांत पाय हलवायचा नाही. वटवाघळं त्यांचं काम करत असतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आता एनलार्जर. पातूर अकोल्याहून तीसेक किलोमीटरवर, वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या गल्लीत एक जुना स्टुडिओ होता. पुढच्या भागात आता मोबाईल दुरुस्ती चालते, मागच्या खोलीत एनलार्जर अजून उभा आहे. स्टुडिओवाल्या काकांनी चाळीस वर्षं लग्नं, मुंज, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट सगळं त्याच्यावर छापलं. मला जे येतं ते त्यांच्याकडून आलेलं आहे. काकांना आता मोतीबिंदू आहे. फोकस करायला ते वाकले की दोन मिनिटं बघतात आणि बाजूला होतात. "मले दाना दिसत नाई आता बाबू. तूच पाय, मी सांगतो कसं पाह्याचं ते." त्यामुळे आमची जोडी अशी जमली आहे की डोळे माझे आणि हात त्यांचे. अंधारात त्यांचे हात बरोबर जिथल्या तिथे जातात.

त्यांचा पहिला धडा लेव्हलचा. निगेटिव्ह, लेन्स आणि खालचा पाट, तिन्ही एकमेकांना समांतर हवेत. नसतील तर प्रिंटचा एक कोपरा धारदार आणि समोरचा कोपरा मऊ. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर फोकस चुकला, एकच मऊ असेल तर लेव्हल गेली, हे ओळखायला शिका, निम्मं काम झालं. गवंड्याची छोटी लेव्हल घ्या. पाटावर ठेवा, मग निगेटिव्हच्या खाचेत, मग लेन्सच्या पाटीवर. बुडबुडा तिन्ही ठिकाणी एकाच जागी यायला हवा. तो मधोमध असायलाच हवा असं नाही, टेबल थोडं उतरतं असलं तरी चालतं, फक्त तिघांचा उतार एकच हवा. आमच्याकडे लेन्सच्या पाटीखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून हे जमवलेलं आहे.

दुसरा धडा फोकसचा. कागदाच्या जागी एक छोटं यंत्र ठेवतात, ग्रेन फोकसर. त्यात आरसा आणि भिंग असतं, त्यातून निगेटिव्हचा दाणाच दिसतो. दाणा टचटचीत दिसला की फोकस झाला. इथे बारीक फिल्मची दुसरी मेख. दाणा इतका बारीक की तो दिसतच नाही! काकांच्या जुन्या ४०० च्या फिल्मवर दाणा वाळूसारखा दिसतो, टी-मॅक्सवर नुसतं धुकं. यावर उपाय म्हणजे लेन्स पूर्ण उघडायचं, खोलीत दुसरा उजेड अजिबात नको, डोळ्यांना पाच मिनिटं अंधाराची सवय होऊ द्यायची, आणि निगेटिव्हच्या करड्या भागात बघायचं, कारण अगदी काळ्या किंवा अगदी पारदर्शक भागात काही सापडत नाही. तरीही नाही दिसलं तर फिल्मच्या कडेवरची छापील अक्षरं किंवा एखादा ओरखडा पकडायचा. फोकसरखाली त्याच कागदाचा एक वाया गेलेला तुकडा ठेवायची काकांची पद्धत आहे. कागदाच्या जाडीने फारसा फरक पडत नाही असं माझं मत, पण त्यांच्या खोलीत त्यांचं ऐकायचं.

फोकस झाल्यावर लेन्स दोन-तीन घरं बंद करायचं. एफ २.८ चं लेन्स असेल तर एफ ५.६ किंवा ८. काही जण जास्त सुरक्षित म्हणून एफ १६ पर्यंत जातात. तिथे विवर्तन, म्हणजे फिजिक्सच्या लॅबमधलं डिफ्रॅक्शन, कडा खायला लागतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती डोळ्यासमोर घडते. एनलार्जरचा दिवा तापला की निगेटिव्ह उबदार होते आणि मधोमध फुगते, पापड तव्यावर फुगतो तशी. फोकस थंड निगेटिव्हवर केला असेल तर छापताना ती फुगून जागा सोडते. प्रिंटच्या कडा तीक्ष्ण आणि मध्य मऊ असेल तर समजा हेच झालंय. एक उपाय म्हणजे दोन काचांमध्ये निगेटिव्ह दाबून धरणारा कॅरिअर, पण त्यात धूळ बसायला चार पृष्ठभाग वाढतात आणि कधी इंद्रधनुष्याची कडी उमटतात. आमच्याकडे काच नाही. आम्ही दिवा अर्धा मिनिट चालू ठेवतो, निगेटिव्हला फुगायचं तेवढं फुगू देतो, मग फोकस करतो. छापताना लेन्सखाली काळा पुठ्ठा धरून पुन्हा तेवढंच थांबतो आणि मग पुठ्ठा काढून एक्स्पोजर देतो.

पुठ्ठ्याचा दुसरा फायदा हलण्याबाबत. स्विच दाबताना एनलार्जर थरथरतो. आणि आमच्याकडे तर अकोला-वाशीम रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १६१, दिवसभर हैदराबादकडचे ट्रक. ट्रक गेला की ट्रेमधल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. खांब तीन फूट उंच, वर डोकं जड. व्हायब्रेशनचा पेपर दिलेल्यांना जास्त सांगायला नको. "मशीन हालली का सगयं गेलं," हे काकांचं वाक्य. त्यांनी टेबलाऐवजी जाड फरशी टाकली आहे आणि खांबाचं वरचं टोक भिंतीला पट्टीने बांधलं आहे. शिवाय रात्री नऊनंतरच काम. माझ्या मते या फरशीने प्रिंटला जे दिलं ते कुठल्याही महागड्या फिल्मने दिलं नसतं.

जाता जाता व्होल्टेज. साध्या तापतारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. २३० च्या जागी २०७ आले, म्हणजे दहा टक्के कमी, तर उजेड तीस टक्के कमी. याने तीक्ष्णपणा जात नाही, पण प्रिंट फिकी पडते आणि तुम्ही उगाच कागदाला दोष देता. स्टॅबिलायझर लावा.

वऱ्हाडातला खरा शत्रू मात्र ऊन. फिल्म धुण्याचे सगळे तक्ते २० अंशांचे. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल असं असतं. गरम डेव्हलपरमध्ये वेळ कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की फिल्म डागाळल्यासारखी असमान धुतली जाते. जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखाचाही ओरखडा उठतो. डेव्हलपर थंड आणि धुण्याचं पाणी गरम, असा एकदम फरक पडला तर थराला बारीक सुरकुत्या पडू शकतात. मग कितीही बारीक दाणा असो, त्या सुरकुत्यांचाच दाणा दिसणार. म्हणून नेमके २० नसले तरी चालेल, २३-२४ चालेल, पण डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी तिन्ही एकाच तापमानाला हवं. त्याप्रमाणे वेळ तक्त्यातून बदलायची. उदाहरणार्थ इल्फर्ड एफपी४ ला आयडी-११ मध्ये निम्मं पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ ला साधारण साडेसात.

फ्रिज नको, माठ वापरा. वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कोरडेपणा इथे कामाला येतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान २२-२३ च्या आसपास येतं. माठ तिथपर्यंत पूर्ण पोचत नाही, पण जवळ जातो. बाटल्या घमेल्यात पाण्यात ठेवून वर ओलं गोणपाट टाकायचं, उरलेलं दोन-तीन अंशांचं काम बर्फाचे खडे करतात. बर्फ घमेल्यात, डेव्हलपरमध्ये नाही. काका मोठ्या प्रिंट मात्र दिवाळी ते संक्रांत या काळातच काढायचे, तेव्हा नळाचं पाणी आपोआप हवं तसं येतं. घरच्या घरी फिल्म धुणं म्हणजे काही जगावेगळं नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी सरस्वतीबाई फाळके घर सांभाळून फिल्मला भोकं पाडायच्या आणि ती धुवायलाही मदत करायच्या. आपल्याकडे तर छत्तीस चित्रांची एकच पट्टी असते.

शेवटच्या पाण्याबद्दल एक सूचना. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके ठेवतं. शेवटचं बुडवणं डिस्टिल्ड पाण्यात, त्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब, आणि फिल्म बाथरूममध्ये लटकवा, आधी भिंतीवर पाणी मारून. कापसाच्या दिवसांत हवेत इतकं तंतू-तूस असतं की दुसरीकडे कुठे वाळवलीत तर प्रत्येक चित्रात एकेक सुरवंट मिळेल.

कागदाबद्दल. डोळा तीक्ष्णपणा मोजत नाही, फरक मोजतो. तीच निगेटिव्ह दोन नंबरऐवजी तीन नंबरच्या कागदावर छापली तर जास्त धारदार वाटते, जरी एकही नवी रेघ आलेली नसली. चकचकीत कागद खडबडीत कागदापेक्षा तीक्ष्ण वाटतो. आणि सेफलाइटचा लाल रंग उडाला असेल तर पांढरे भाग मळतात, फरक घटतो, प्रिंट मऊ वाटते. तपासायचं असेल तर कागदाला आधी एनलार्जरखाली हलकं एक्स्पोजर द्या, धुतल्यावर फिकट करडा येईल इतकं. मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली पाच मिनिटं सोडा आणि धुवा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदला.

एक प्रकार मी अजून केलेला नाही, या हिवाळ्यात करणार आहे. फोटोशॉपमध्ये 'अनशार्प मास्क' नावाचं बटण असतं ते सगळ्यांना माहीत आहे. तीक्ष्ण करणाऱ्या बटणाचं नाव 'अनशार्प' का, हा प्रश्न मला कायम पडायचा. तर ते बटण डार्करूममधून आलं. निगेटिव्ह आणि दुसरी फिल्म यांच्यामध्ये एक पारदर्शक पातळ शीट ठेवून हलकी, मुद्दाम धूसर अशी पॉझिटिव्ह काढायची. हा झाला मास्क. मग मूळ निगेटिव्ह आणि तो मास्क नेमके एकावर एक जुळवून, जास्त नंबरच्या कागदावर एकत्र छापायचे. मोठमोठे उजेड-सावलीचे भाग मास्क दाबून टाकतो, पण तो धूसर असल्यामुळे बारीक रेघा त्याला दाबता येत नाहीत. त्या उलट उठून दिसतात. जुळवणीला अर्धा मिलिमीटरही चूक चालत नाही. काका म्हणाले, आपण कधी केलं नाही, पण पिना ठोकून जुळवायची लाकडी चौकट ते करून देतील. लेण्यांमधली तिसऱ्या खांबाची निगेटिव्ह त्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे. कागदाच्या पाकिटात अकरा पानं शिल्लक आहेत. ज्याच्या घरी माळ्यावर जुन्या निगेटिव्ह पडल्या असतील त्याने ब्लॉकमध्ये येऊन भेटावं. दिवाळीच्या सुट्टीत पातूरला दोन जण झोपतील एवढी जागा आहे, आणि काकांना फोकसला आणखी एक जोडी डोळे चालतील.